सोंग, साज आणि मुखवटा: वाचकांचे प्रश्न, अक्कांची उत्तरं

गेल्या अंकात हातानं केलेल्या मुखवट्यांवर आणि मिरवणुकीच्या पोशाखांवर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून निवडक घेतली आहेत. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एवढीच: सोलापुरात साखर पेठेत आमची ड्रेपरी आहे. नाटक, गॅदरिंग, जत्रा, मिरवणूक, जे लागेल ते आम्ही शिवतो आणि घडवतो. सोंग आधी घालणाऱ्याचं असतं आणि मग बघणाऱ्याचं, हे वडलांनी शिकवलं. खालच्या बहुतेक उत्तरांत तेच आलं आहे.

अक्का, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीची मुलं 'जगातले उत्सव' बसवणार आहेत. त्यात व्हेनिसचा कार्निवल आहे. चाळीस मुखवटे लागतील. प्लॅस्टिकचे नकोत, आपण करू, असं मुलांनीच ठरवलं आहे. लगद्याचे करावेत की कागद चिकटवून? आणि व्हेनिसचे म्हणून कोणते प्रकार घ्यावेत?
– एक शिक्षिका, बार्शी

मुलांनी स्वतः ठरवलं, हे वाचून फार बरं वाटलं. बाई, लगद्याच्या वाटेला जाऊ नका. लगदा जड होतो, वाळायला वेळ खातो आणि वाळताना आक्रसतो, मग नाकाच्या बाजूला हमखास तडा जातो. टोपली, वाडगा, शोभेची मूर्ती यांना लगदा उत्तम. तोंडावर बांधायच्या वस्तूला कागदाचे थरच हवेत.

व्हेनिसचे कारागीरही थरच देतात. त्यांची रीत अशी: आधी मातीत चेहरा घडवायचा, त्यावर प्लास्टर ओतून उलटा साचा काढायचा आणि त्या साच्याच्या आतल्या अंगाला ओला कागद दाबत जायचं. आपल्याकडे बऱ्याचदा मातीच्या चेहऱ्यावर बाहेरून कागद चिकटवतात. त्यानं काय होतं, प्रत्येक थराबरोबर नाक बोथट होतं, ओठांची कड बुजते. आतून दाबलं की साच्याला टेकलेला पहिला थर म्हणजेच मुखवट्याचा दर्शनी भाग. मातीत जेवढी रेघ स्पष्ट, तेवढीच मुखवट्यावर उमटते. तुम्ही हीच रीत धरा. शाडूचा चेहरा करा, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, साचा नीट वाळू द्या आणि दर वेळी आतून व्हॅसलिनचा हात फिरवा. ओतण्याचं काम मोठ्यांनी करायचं. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, मुलांचे हात त्यात नकोत. चाळीस मुखवट्यांना एक साचा पुरणार नाही, कारण मुखवटा वाळेपर्यंत साचा अडकून राहतो. पाच-सहा साचे करून घ्या.

आता कागद. कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा. फाडलेल्या कडेला तंतू सुटलेले असतात, ते खालच्या थरात मिसळून जातात. कापलेली कड शेवटपर्यंत पायरीसारखी दिसते, वर कितीही रंग द्या. तुकडे बोटाएवढे, नाकपुडीशी त्याहून लहान. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा, असे आलटून पालटून द्या. त्यामुळे मुलांना कळतं की कुठं थर पूर्ण झाला आणि कुठं जागा राहिली. अर्ध्या मुखवट्याला पाच-सहा थर पुरतात. प्रत्येक तुकडा अंगठ्यानं मधून बाहेर दाबत न्यायचा, खाली हवा राहता कामा नये. हवा राहिली की तिथं फोड येतो आणि घासताना तोच फुटतो.

वाळवताना घाई नको. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे सावलीतही दोन दिवसांत काम होतं. उन्हात ठेवलात तर कडा पापडासारख्या वळतात आणि मग तो कुणाच्याच चेहऱ्याला बसत नाही.

प्रकार विचारलेत. मुलांना बोलायचं, नाचायचं आहे, तेव्हा बहुतेकांना कोलंबिना द्या, म्हणजे डोळे आणि गाल झाकणारा अर्धा मुखवटा. चार-पाच जणांना बाऊता द्या. तो पांढरा आणि पूर्ण चेहऱ्याचा, पण हनुवटीकडे पुढं आलेला असतो, त्यामुळे तो न काढता खाता-पिता येतं, आवाजही बदलतो. वर तिकोनी काळी टोपी आणि काळा झगा. लांब चोचीचा वैद्य मुलांना आवडेलच. सतराव्या शतकात प्लेगच्या रोग्यांकडे जाणारे काही वैद्य असली चोच लावत आणि तिच्यात सुगंधी वनस्पती भरत. पुढं ते कार्निवलचं सोंग झालं. चोच वेगळी, शंकूसारखी करून मागाहून जोडा. मोरेत्ता मात्र करू नका. तो बायकांचा काळ्या मखमलीचा गोल मुखवटा, बांधायला नाडी नसलेला. आतलं बटण दातांत धरूनच तो चेहऱ्यावर राहायचा, म्हणजे घातला की बोलणं बंद. निवेदनात त्याची गोष्ट सांगा, तेवढं पुरे.

निवेदनात आणखी एक घ्या. व्हेनिसमध्ये मुखवटे करणाऱ्यांना 1436 साली स्वतःच्या नियमांची सनद मिळाली. म्हणजे हा हौसेचा उद्योग नव्हता, नियमांत बांधलेला व्यवसाय होता. 1797 मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं, कार्निवलही बंद पडला आणि मुखवट्यांचं काम बसलं. 1979 च्या सुमारास उत्सव पुन्हा उभा राहिला, तेव्हा तरुण कारागिरांनी ही कला नव्यानं हातात घेतली. कला खंडित होऊनही परत शिकता येते, हे सातवीच्या मुलांना कळू द्या.

आणि डोळे. साच्यावर ठरवलेल्या जागी सगळ्यांची भोकं पाडू नका. प्रत्येक मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा. मोठ्या माणसाचं साधारण सव्वासहा सेंटिमीटर असतं, मुलांचं त्याहून कमी आणि दर मुलाचं वेगळं. तेवढ्या अंतरावर पेन्सिलची खूण करा, मुलाला मुखवटा लावून बघा आणि मगच कापा. भोकाची कड आतून घासून पातळ करा, म्हणजे बाजूचंही दिसतं. मंचावर पायऱ्या असतात, बाई.

मी घरी केलेला गणपतीचा मुखवटा पावसाळ्यात कुबट वास मारायला लागला आणि मागच्या बाजूला बारीक किडे दिसले. मैद्याची खळ वापरली होती. शेजारी म्हणतात, खळीत मोरचूद घाला.
– एक गृहिणी, अक्कलकोट रस्ता

मोरचूद मुळीच घालू नका. पुस्तकं बांधणारे, पोस्टर चिकटवणारे खळीत मोरचूद घालत, किडीला ते चांगलंच लागू पडतं. पण ते विष आहे. मुखवटा नाका-तोंडाला लागतो, आत घाम येतो, लहान मुलं कड चावतात.

मैद्याऐवजी चिंचोक्याची खळ करा. आमच्या पूर्व भागातल्या हातमागाच्या घरांना ती नवी नाही, सुताला ताठपणा यायला चिंचोका वापरतच. चिंचोके भाजून, टरफल काढून दळायचे, पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं. चमच्यावरून तार सुटली की उतरवा. त्यात मेथीची पूड घाला. लगद्यात आपल्या आज्या मेथी घालत, ती याचसाठी: कडूपणानं कीड लांब राहते आणि चिकटपणाही वाढतो. खळ लागेल तेवढीच करा, शिळी वापरू नका.

तुमचा आताचा मुखवटा वाचेल. कोरड्या ब्रशनं झाडा, कडक ऊन द्या (हा पूर्ण वाळून पक्का झालेला आहे, त्यामुळे उन्हाची भीती नाही), मागची किडलेली दोन पदरं सोलून काढा आणि नव्या खळीनं नवी लावा. वरून पातळ अॅक्रिलिक रंगाचा हात द्या. कागद आतून उघडा राहिला की हवेतला ओलावा तिथूनच शिरतो. बरेच जण दर्शनी बाजू चकचकीत करतात आणि मागची तशीच सोडतात.

मुलगा यंदा पहिल्यांदा नंदीध्वजाच्या सरावाला जातो आहे. शिवून घेतलेली बाराबंदी बगलेत उसवली, तीही दोनदा. शिंप्याचा दोष की कापडाचा?
– एक पालक, बाळीवेस

दोष मापाचा. शर्टाच्या मापानं बाराबंदी कापली की हे होणारच. शर्ट घालून माणूस खुर्चीत बसतो. नंदीध्वजाची ती उंच काठी तोलताना दोन्ही हात आणि खांदे सतत ताणलेले असतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत सगळी वाट पांढऱ्या बाराबंद्यांनी भरून जाते, त्यातल्या जुन्या हाताच्या बाराबंद्या नीट पाहा. बगलेत चौकोनी कापड तिरकं बसवलेलं असतं, चौबगला. हात वर गेला की ते उघडतं, खाली आला की मिटतं. ताण शिवणीवर येतच नाही. तुमच्या शिंप्यानं बहुतेक ते गाळलं असणार. आहे त्याच बाराबंदीला दोन्ही बगला उसवून चार-चार बोटांचा तुकडा घालता येईल, नवी शिवायची गरज नाही.

कापड सुतीच घ्या आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. टेरिकॉटची बाराबंदी पांढरी राहते खरी, पण घाम शोषत नाही. बंदांकडेही बघा. बंद नुसता कडेला टाचला तर ओढल्यावर कापडासकट फाटून येतो. प्रत्येक बंदाच्या मागे बोटभर कापडाची चौकोनी पट्टी आतून लावून त्यावर फुलीची टीप मारायला सांगा. सहा जोड्या, म्हणजे बारा पट्ट्या. शिंपी कुरकुर करेल, पण तुम्ही मागे हटू नका. यात्रेच्या दिवसांत मुलाचं लक्ष काठीच्या तोलावर असायला हवं, सुटलेल्या बंदावर नाही.

गोव्याचा कार्निवल बघायला जायचं आहे. कधी जावं आणि पोशाखकाम कुठं बघायला मिळेल?
– एक वाचक, होटगी रस्ता

तारीख दर वर्षी बदलते, ईस्टरवर ठरते. फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला, उपासाचा काळ सुरू होण्याआधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार. शनिवारी पणजीत किंग मोमोची, म्हणजे कार्निवलच्या राजाची, मिरवणूक निघते. पण चित्ररथांवरचं काम लांबून बघण्याचं असतं. टाके बघायचे असतील तर दक्षिण गोव्यात, सासष्टीच्या गावांत जा. तिथं या दिवसांत 'खेळ' म्हणजे कोकणी लोकनाट्यं होतात, पोशाख गावातच शिवलेले असतात आणि नट अंगणात हातभर अंतरावर उभे असतात.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत मी गरुड होतो. पंखांची रुंदी आठ फूट. तासाभरात मान आणि खांदे भरून येतात. पंख लहान करायचे नाहीत. काय करू?
– एक कार्यकर्ता, पंढरपूर

लहान करू नकोस, भार हलव. तुझे पंख खांद्याच्या पट्ट्यांना बांधलेले असणार. आठ फुटांचा पंख वाऱ्यात शिडासारखा ओढतो आणि ती ओढ सगळी मानेवर येते. कंबरेला रुंद कातडी किंवा जाड कॅनव्हासचा पट्टा घे, त्यावर पाठीमागे लाकडी फळी उभी बसव, पंखांचे दांडे त्या फळीला. भार कंबरेवर आणि मांड्यांवर गेला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्या फक्त फळी पुढं-मागं झुकू नये म्हणून.

सांगाडा कशाचा आहे ते तू लिहिलं नाहीस. लोखंडी सळईचा असेल तर आजच काढ. त्रिनिदादच्या कार्निवलमध्ये तार वाकवणाऱ्यांची एक वेगळीच परंपरा आहे. ते बारीक तारेत पूर्ण पक्षी, ड्रॅगन, फुलं उभी करतात. तार जिथं तार ओलांडते तिथं घट्ट गुंडाळतात, म्हणून बारीक तारही ताठ राहते. आणि त्यांचे सगळ्यात मोठे, राजा-राणीचे पोशाख अंगावर पेलतच नाहीत, त्यांना खाली चाकं जोडलेली असतात. आपल्याकडे बुरुडाच्या हातात तीच विद्या आहे. त्याच्याकडून बांबूच्या कामट्या सोलून घे, मुळाशी जाड, टोकाशी निमुळत्या. तशी कामटी वाऱ्यात वाकते आणि परत येते. सळई वाकली की वाकलीच. वर कापड ताणून लावू नकोस, पिसांचे तुकडे वेगवेगळे लाव म्हणजे मधून वारा जाईल. घरी पंखा सुरू करून पुढं उभा राहून बघ, लगेच कळेल.

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर बोहाड्याचा जुना, वापरलेला मुखवटा लावायचा आहे. नवीन नको, त्याला तो 'फील' येत नाही. मिळवून द्याल का?
– एक वाचक, पुणे

नाही, आणि तुम्हीही मिळवू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जव्हार-मोखाड्याकडे, नाशिकच्या डोंगराळ भागात बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईवर एकेक सोंग नाचत येतं: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, शेवटी देवी आणि महिषासुर. ते मुखवटे शोभेचे नाहीत. अनेक सोंगं ठरलेल्या घरांकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्या घरात मुखवट्याची पूजा होते, तो झाकून ठेवला जातो, वर्षाला डागडुजी होते. वापरलेला जुना मुखवटा विकायला निघतो तो बहुतेक वेळा अडचणीपायी. तो तुमच्या भिंतीवर आला की तिकडं एक सोंग कमी होतं.

नवीन घ्या. त्याच भागातले कारागीर घरात लावण्यासाठी वेगळे मुखवटे करतात, त्यांच्याकडून थेट घ्या, आणि घासाघीस करू नका. ज्या हातांनी देवीचा मुखवटा रंगवला, त्याच हातांनी तुमचाही रंगवलेला असतो. उत्सवही एकदा जाऊन बघा. मुखवट्याखालचा माणूस मान कशी फिरवतो, पाय कसा टाकतो, हे बघितल्यावर भिंतीकडे बघण्याची नजर बदलेल.

मागच्या महिन्यात तुमच्याकडून राक्षसाचा मुखवटा केला. तसाच दिसणारा ऑनलाइन याच्या पाव किमतीत दिसला. एवढा फरक का? राग नाही, फक्त समजून घ्यायचं आहे.
– एक हौशी नट, विजापूर रोड

प्रश्न सरळ विचारलात, उत्तरही सरळ देते. तुमच्या मुखवट्याचा कच्चा माल स्वस्तच होता: रद्दी, खाकी कागद, खळ, शंखजिरे, रंग, बेगड. पैसे गेले ते हातांना. तुमच्या कपाळाची रुंदी आणि नाकाचा उंचवटा मोजून माती घडवली. थर दिल्यावर खडूची भुकटी आणि शंखजिऱ्याचा लेप तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळवून पॉलिश पेपरनं घासणं. हे घासकाम आमच्या दोन बायका करतात, दोघी पूर्वी विड्या वळायच्या. त्यांच्या बोटांना जाडीतला केसभर फरक कळतो. डोळे मिटून गालावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, इथं अजून उंच आहे. नंतर बघितलं तर खरंच तिथं सावली पडत असते.

मग सुळे, शिंगं, भुवईचे केस. बेगड नुसती चिकटवलेली नाही, सुरकुत्या पाडून चिकटवली आहे, म्हणजे दिव्याचा उजेड एकाच जागी न चमकता सगळीकडे विखुरतो. आतून कपाळाला आणि गालाच्या हाडाला स्पंजाच्या गाद्या लावल्या, म्हणून तुमच्या नाकासमोर दोन बोटं जागा राहिली आणि तुम्ही वीस मिनिटांचं स्वगत दम न लागता म्हणालात. साच्यातून एका मापात निघालेला प्लॅस्टिकचा मुखवटा कुणाचंच नाक ओळखत नाही. एका रात्रीच्या फॅन्सी ड्रेसला तो घ्या, माझी काही हरकत नाही. भूमिका करायची असेल तर हाताचा घ्या. आणि फुटला, चेपला तर आणून द्या. कागद पुन्हा जुळतो.

आजोबा मेळ्यात राजाचं काम करायचे. त्यांचा जरीचा अंगरखा ट्रंकेत सापडला. खांद्यावर विरलाय, जर काळवंडलीये. ड्रायक्लीनला द्यावा का? एक जर घेणारा दारावर येतो, तो चांगले पैसे देतो म्हणतो.
– एक निवृत्त गिरणी कामगार, सोलापूर

काका, आधी जरवाल्याला नाही म्हणा. तो अंगरखा जाळून त्यातली चांदी काढेल. तेवढ्यासाठीच तो घेतो.

ड्रायक्लीनलाही देऊ नका, विरलेलं कापड त्यात टिकणार नाही. अंगरखा सावलीत, स्वच्छ चादरीवर आडवा पसरा. खुंटीला किंवा हँगरला टांगू नका. जरीचं वजन सगळं खांद्यावर येतं, तुमचा खांदा बहुधा त्यानंच विरलाय. मऊ ब्रशनं एकाच दिशेनं धूळ काढा. काळवंडलेली जर लिंबानं, चिंचेनं घासू नका, वरचा मुलामा निघून जातो. तिला तशीच काळपट राहू द्या.

विरलेल्या जागी आतून जुनं, अनेकदा धुतलेलं मलमल लावायचं आणि बारीक सुईनं लांब, सैल टाके घालायचे. नवं करकरीत अस्तर लावलंत तर ते जुन्या कापडालाच ओढून फाडेल. हे घरी जमणार नसेल तर घेऊन या, आमच्याकडे टाके घालून देऊ, त्याचे पैसे नकोत. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या जागी मोडा, नाहीतर त्याच घडीवर जर तुटते. येताना आजोबांचा त्या पोशाखातला एखादा फोटो असला तर तोही आणा, कंबरपट्टा कुठं बांधत होते ते त्यावरून कळेल.